उलट बोलायला कुणी शिकवायचं?

नोकरीला लागून आठ महिने झाले होते. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटकडच्या माणसाने मेलवर एक शंका विचारली. उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी लिहिलं, ‘आय विल गेट बॅक अ‍ॅट यू बाय मंडे.’ कॉपीत मॅनेजर, टीम लीड आणि आणखी नऊ जण होते. मला म्हणायचं होतं, सोमवारपर्यंत कळवतो. मी लिहिलं होतं, सोमवारपर्यंत तुमच्यावर सूड उगवतो. ‘टू’च्या जागी ‘अ‍ॅट’ पडला, एवढंच.

क्लायंट भला माणूस होता. ‘मग मी शनिवार-रविवार दार लावून बसू का?’ असं त्याने हसऱ्या चेहऱ्यासकट विचारलं. आमच्या टीमने मात्र त्या वाक्याचं स्टिकर केलं. कुणी चहाचे वीस रुपये उसने घेतले की दुसरा म्हणायचा, ‘आय विल गेट बॅक अ‍ॅट यू.’ हे तीन-चार महिने चाललं. मीही हसायचो. न हसून सांगतो कुणाला? खराडीतल्या खोलीवर आलं की मात्र डोक्यात एकच घोळायचं: ह्यांना एकदा दाखवतोच. म्हणजे जे मी चुकून लिहिलं होतं, ते आता मला खरोखर करायचं होतं.

हा लेख त्या दोन इंचांच्या चुकीबद्दल आहे, आणि ती चूक ज्यातून आली त्या शिकवण्याबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पुढे भांडायला बरं. शिरूर-दौंडच्या पोरांना इंग्रजी कच्चं येतं म्हणून सगळे हळहळतात. मला त्याहून मोठी अडचण दिसते. आपल्याला कुणी उलट बोलायला शिकवलेलं नाही, मराठीतही नाही. त्यामुळे आपण एकतर गिळतो, नाहीतर भलत्याच माणसावर फुटतो. आणि इंग्रजीचे क्लास ‘बदला घेणे’ असं लिहिलेल्या याद्या विकून ह्या दुखण्यावर पैसे कमावतात.

एका रकान्यात दहा शब्द मारले

मी शिरूर तालुक्यातला. मामाचं गाव दौंडजवळ, मध्ये भीमा. शाळा मराठी माध्यमाची. राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. म्हणजे मी शाळेत जायच्या आधीच ते आलेलं होतं. पहिली ते बारावी बारा वर्षं, वर इंजिनिअरिंगची चार. सोळा वर्षं इंग्रजी शिकून मी ‘टू’ आणि ‘अ‍ॅट’मध्ये आपटलो.

बारावीच्या सुट्टीत घोडनदीला एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जात होतो. ती वही आईने जपून ठेवली होती. स्टिकरच्या प्रकरणानंतर दिवाळीला घरी गेलो तेव्हा ती काढली. दोनशेच्या वर फ्रेझल व्हर्ब, तीन रकान्यांत: क्रियापद, अर्थ, वाक्य. आता बघा. गेट बॅक अ‍ॅट: बदला घेणे. हिट बॅक: बदला घेणे. पे बॅक: बदला घेणे. फाइट बॅक: बदला घेणे. गेट इव्हन विथ: बदला घेणे. उदाहरण सगळीकडे एकच, राम श्यामचा बदला घेईल. श्यामने काय केलं होतं, ते कुठेच नाही. खरं तर ते मराठी वाक्यसुद्धा धड नाही. राम श्यामवर सूड घेणार आहे की श्यामच्या वतीने दुसऱ्या कुणावर?

हे एकाच क्लासचं पाप नाही. मोबाइलवर ‘रोजच्या वापरातले शंभर फ्रेझल व्हर्ब’ म्हणून काहीही उघडा, तोच माल मिळेल. पाठ करायला सोपा आणि वापरायला धोक्याचा.

साधी परीक्षा घेऊ. आमच्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. समजा रात्री त्याने गोठ्यापाशी कुत्र्यावर झडप घातली, आणि कुत्रं शेपूट न घालता भिडलं. इंग्रजीत म्हणतील, ‘द डॉग फॉट बॅक.’ माझ्या वहीप्रमाणे अर्थ झाला, कुत्र्याने बदला घेतला. बिचारं जीव वाचवत होतं हो! ‘फाइट बॅक’ म्हणजे प्रतिकार. त्यात जुना हिशोब नसतो, समोर आलेलं संकट असतं.

‘गेट बॅक अ‍ॅट’मध्ये जुना हिशोब असतो. मध्ये काही काळ गेलेला असतो, माणूस लक्षात ठेवून बसलेला असतो. मराठीत ह्याला वचपा काढणे किंवा उट्टं काढणे म्हणतात. मागच्या यात्रेत शर्यतीत बैल हरले आणि यंदा त्याच गाड्याला मागे टाकलं, हा वचपा. ‘गेट इव्हन विथ’ म्हणजे फिटंफाट. तू न विचारता माझा पाइप नेलास, मी तुझी स्टार्टरची पेटी आणली, फिटंफाट, आता चहा पिऊ. त्यात बरोबरीवर थांबायची सोय आहे. सुडात ती सोय नसते. ‘हिट बॅक’ म्हणजे तिथल्या तिथे उलट टोला, शिळा न होऊ देता. ‘पे बॅक’ म्हणजे परतफेड, आणि इथे दोन्ही भाषांचं गणित सारखं आहे: सोसायटीच्या कर्जाची परतफेड होते, उपकाराची होते आणि अपमानाचीही होते. ‘हॅव इट इन फॉर’ म्हणजे डूख धरणे. अजून काही केलेलं नाही, पण नागासारखं लक्षात ठेवलंय. ‘लॅश आउट’ म्हणजे चवताळून कुणावरही तुटून पडणे. आणि ‘टेक इट आउट ऑन’ला तर आपल्याकडे इंग्रजीहून सरस म्हण आहे: वड्याचं तेल वांग्यावर.

इतके शब्द माझ्या आजीकडे होते. ती चौथी शिकलेली. तिने सून, दीर, तलाठी आणि शेजारीण ह्या प्रत्येकाबाबतीत वेगळा शब्द नेमका वापरला असता. क्लासने त्या सगळ्यांची एक चटणी केली आणि आम्हाला ‘बदला’ हा हिंदी सिनेमातला शब्द वाटला. आता बातम्यांत तेच चाललंय. एका नेत्याने काही म्हटलं, दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, की पट्टी येते: जोरदार पलटवार. उत्तर, खुलासा, इन्कार, टोमणा, प्रतिटोला हे सगळे शब्द ‘पलटवार’ने गिळले. पोरांच्या स्टेटसला ‘वेळ आल्यावर दाखवू’. काय दाखवणार, कुणाला, कशाबद्दल, हे राम आणि श्यामसारखंच गुलदस्त्यात.

हे गणित आपल्याला येतं

क्लासवाले सांगतात, फ्रेझल व्हर्ब ही इंग्रजीची जादू आहे, ती पाठच करावी लागते. परकीयांना ह्या क्रियापदांचा सगळ्यात जास्त त्रास होतो, हे सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं. त्रास खरा आहे. पण मराठी माणूस ह्या खेळाला अगदीच नवखा नाही.

‘बोलणे’ हे एक क्रियापद घ्या. बोलून टाकलं, बोलून बसलो, बोलून दाखवलं, बोलून घेतलं. शेवटचा शब्द बदलला की अख्खा माणूस बदलतो. ‘बोलून बसलो’ म्हणणाऱ्याला पश्चात्ताप झालाय. ‘बोलून टाकलं’ म्हणणारा मोकळा झालाय. ‘बोलून दाखवलं’मध्ये समोरच्याच्या मनाला लागलंय. इथे कुणी खरोखर बसलेलं नाही, काही टाकलेलं नाही. इंग्रजी हेच काम ‘आउट’, ‘बॅक’, ‘ऑफ’, ‘अप’ असले शब्द पुढे लावून करते. पाचवीच्या पोराला हे ‘बोलून टाक’पासून सुरू करून शिकवलं तर तो घाबरणार नाही. पण तसं शिकवायला शिक्षकाने मराठीकडे भाषा म्हणून बघायला हवं. आपल्याकडे मराठीचा वापर इंग्रजी वाक्याखाली अर्थ लिहिण्यापुरता उरलाय.

‘बॅक’ काय सांगतो?

आता मुद्द्याचं. गेट बॅक, हिट बॅक, फाइट बॅक, पे बॅक, टॉक बॅक. सगळ्यांत एक शब्द सारखा आहे. ‘बॅक’ म्हणजे उलट, परत. तो शब्द साक्षीदारासारखा उभा राहून सांगतो की ह्याच्या आधी काहीतरी घडलेलं आहे. पहिला फटका कुणीतरी मारलेला आहे. आपल्या याद्यांत नेमकी तीच साक्ष गाळलेली असते.

‘टॉक बॅक’ बघा. मराठीत उलटून बोलणे. शाळेत ह्यासाठी छड्या बसतात, घरी ह्यासाठी ताट पुढून उचललं जातं. गेल्या वर्षी गावाकडे काही मुलामुलींना मी रविवारी इंग्रजी सांगत होतो. अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, ‘दादा, लहान माणूस मोठ्याला बोलला तर टॉक बॅक. मग मोठा माणूस लहानाला आधी जे बोलतो, त्याला काय शब्द आहे?’ मी बराच वेळ विचार केला. रागावणे, समज देणे, शिस्त लावणे, असे शब्द सुचले. सगळे सभ्य. खालच्याने केलं की त्याला उलट म्हणायचं आणि वरच्याने केलं की सुलट.

हे मला आमच्याच तालुक्याच्या इतिहासात आणखी स्वच्छ दिसलं. शिरूर तालुक्यात कर्डे नावाचं गाव आहे. १८७४ च्या डिसेंबरात तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने सुमारे १५० रुपयांच्या हुकूमनाम्यापोटी बाबासाहेब देशमुखांचं घर घेतलं आणि पाडायला काढलं. कायद्याने त्याला तसा हक्क होता. कागद त्याच्या बाजूला होता.

त्या कागदाची गोष्ट अशी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर दख्खनच्या कापसाला भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज आटलं. त्याच सुमारास सरकारने नव्या आकारणीत सारा भरमसाट वाढवला. व्याज साचू नये म्हणून १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य धरायचं ठरवलं होतं. सावकारांनी त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी जुनं मुद्दल आणि व्याज मिळून नवं मुद्दल, त्याचा नवा रोखा, खाली शेतकऱ्याची निशाणी. वाचता येत नव्हतं त्याने सही केली, आणि वाचता येत होतं त्याने घर नेलं. सोळा वर्षं इंग्रजी शिकून न समजलेल्या अटींवर ‘आय अ‍ॅग्री’ दाबणाऱ्या माझ्यासारख्याने त्या शेतकऱ्याला अडाणी म्हणू नये.

कर्ड्याच्या लोकांनी काय केलं? त्यांनी सावकारांशी व्यवहार तोडले. त्यांच्या दुकानात जायचं नाही, त्यांची शेतं करायची नाहीत, बलुतेदारांनी त्यांची कामं करायची नाहीत. ही रीत आसपासच्या गावांत पसरली. आता तारीख लक्षात ठेवा. इंग्रजीत ‘बॉयकॉट’ हा शब्द १८८० साली आला, आयर्लंडमध्ये कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर कुळांनी असाच बहिष्कार घातला तेव्हा. कर्ड्याने ही गोष्ट त्याच्या सहा वर्षं आधी केली होती. कृती आमच्याकडे आधी होती, शब्द आम्ही आयात केला.

पुढे १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात जमाव जमला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामतीत आहे. लोकांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले आणि जाळले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरं पेटवली गेली. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तीसहून अधिक गावांत गेलं. ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. इतिहासात ह्याचं नाव पडलं ‘डेक्कन रायट्स’, दख्खनचे दंगे. घर पाडलं ती न्यायालयाची अंमलबजावणी. कागद जाळले ती दंगल. पहिल्या फटक्याला सभ्य नाव, दुसऱ्याला गुन्ह्याचं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.

सरकारने आयोग नेमला, १८७८ ला त्याचा अहवाल आला आणि १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. न्यायालयाने नुसता शेवटचा रोखा बघून निकाल न देता त्यामागचा सगळा व्यवहार तपासायचा होता. मूळ किती घेतले, व्याज किती चढलं, फेडलं किती. म्हणजे कायद्याला ‘बॅक’चा अर्थ कळला, मागे जाऊन बघा, पहिल्यांदा काय झालं. आमच्या क्लासच्या वहीला तो अजून कळायचाय.

वड्याचं तेल

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मी सूड घेणाऱ्यांची आरती करतोय. थांबा. १८७५ च्या त्याच घटनेची दुसरी बाजू मला जास्त टोचते. मार खाल्ला तो जवळजवळ सगळा मारवाडी आणि गुजर सावकारांनी. ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर जातींचे सावकार तोच धंदा करत होते, तिथे बहुधा ते वाचले. सारा वाढवणारं सरकार हाताच्या टप्प्यात नव्हतं. टप्प्यात होता तो बाहेरून आलेला, संख्येने थोडा, दुकान थाटून बसलेला माणूस. राग खरा होता. पण तो निघाला सोयीच्या जागी. बहिष्काराचंही तेच. ज्या हत्याराने कर्डे जोरावरांविरुद्ध उभं राहिलं, त्याच हत्याराने जातपंचायतींनी दुबळ्यांना वाळीत टाकलं, आणि महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

आता माझं वांगं. स्टिकरच्या प्रकरणाला दोन वर्षं झाली होती. माझं इंग्रजी सुधारलं होतं, माझ्या हाताखाली एक नवा मुलगा आला होता. दौंड तालुक्यातला, रोज दौंडहून रेल्वेने ये-जा करणारा. मला दादा म्हणायचा. एकदा त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘प्लीज रिव्हर्ट बॅक.’ त्याला म्हणायचं होतं, उत्तर द्या. मी वीस जणांसमोर लिहिलं की आपल्या धंद्यात रिव्हर्ट म्हणजे केलेलं काम उलटवणं, तर तुझा सगळा कोड उडवू का? सगळे हसले. मला फार बरं वाटलं. इतकं बरं का वाटतंय, ते तेव्हा कळलं नाही.

मुलगा त्यानंतर ग्रुपवर काही विचारेनासा झाला. पुढच्याच महिन्यात आमच्या एका प्रोग्रामने पेमेंटची फाइल दोनदा पाठवली. शुक्रवारची रात्र, शनिवार, रविवार सगळे जण निस्तरत बसलो. सोमवारी तो मला जिन्यात गाठून हळूच म्हणाला, ‘दादा, मला ते मंगळवारीच दिसलं होतं. पण इंग्रजीत कसं लिहू कळेना. चुकलं तर परत हसतील.’

‘परत हसतील’ ह्यातला ‘परत’ माझा होता. ज्यांनी मला हसून घेतलं, त्यांच्यापैकी एकाही माणसाला मी दोन वर्षांत काही बोललो नव्हतो. ते सगळं तेल मी ह्या पोरावर काढलं. इंग्रजीत ‘आय टुक इट आउट ऑन हिम’. माझ्या वहीत हे क्रियापद नव्हतं. असतं तरी समोर ‘राग काढणे’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि मी ते पाठ करून पुढच्या ओळीवर गेलो असतो.

१८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. असूड म्हणजे चाबूक, इंग्रजीत ‘लॅश’. ‘लॅश आउट’ करणारा चाबूक डोळे मिटून फिरवतो. फुल्यांनी तो कुणावर आणि का ओढायचा हे नीट सांगून ओढला: शेतकऱ्याला धर्माच्या नावाने कोण लुटतं, कचेरीतला कामगार कसा नाडतो, सरकार कुठे डोळेझाक करतं. त्या पुस्तकात राग भरपूर आहे. पण तो राग वांग्यावर काढलेला नाही, आणि म्हणूनच ते अजून वाचलं जातं. सूड घेणं आणि उलट बोलणं ह्यांतला फरक मला एवढाच समजतो. उलट बोलणाऱ्याला पत्ता माहीत असतो.

हरकत आहे

मग शिकवायचं काय? माझ्या मते नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागणारं, आणि आमच्या वहीत नसलेलं क्रियापद आहे ‘पुश बॅक’. ‘आय वुड लाइक टू पुश बॅक ऑन धिस डेडलाइन.’ म्हणजे ही तारीख मला पटत नाही, कारणं सांगतो, ऐका. (‘पुश बॅक द मीटिंग’ म्हटलं तर मीटिंग पुढे ढकलली जाते, तो अर्थ वेगळा, इथे ‘ऑन’ लागतो. ‘अ‍ॅट’ने पोळलेल्या माणसाचा सल्ला आहे, ऐका.) ह्यात सूड नाही, शरणागतीही नाही. दोघांच्या मधली जागा आहे ही, आणि कामाचं सगळं जग त्या जागेत चालतं.

शाळेने आम्हाला कुठलं इंग्रजी शिकवलं ते आठवा. रजेचा अर्ज. नम्र विनंती. आपला आज्ञाधारक विद्यार्थी. दिलगिरीचं पत्र. सोळा वर्षांत ‘मला हे मान्य नाही’ असं सुरू होणारा एकही निबंध मी लिहिलेला नाही. तक्रारीचं पत्र होतं, पण तेही नगरपालिकेला, गटाराबद्दल. समोर बसलेल्या माणसाला, त्याच्या तोंडावर, मान राखून नाही कसं म्हणायचं, हे कुणीच सांगितलं नाही.

आणि मराठीत तरी कुठे सांगितलं? आपल्याकडे ‘हरकत’ असा नेमका शब्द आहे. फेरफाराची नोटीस लागते तेव्हा तलाठी हरकती मागवतो. ज्याला आक्षेप असेल त्याने मुदतीत यावं, लेखी द्यावं, सुनावणी होईल. सूड नाही, भांडण नाही, हरकत. अडाणी म्हणवला जाणारा शेतकरीही हा शब्द जाणतो. आपण सुशिक्षित मात्र तो दिवसातून दहा वेळा वापरतो तो एकाच वाक्यात: ‘काही हरकत नाही.’

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, ‘नोकरीपुरतं इंग्रजी आलं की बस, हे तत्त्वज्ञान कशाला?’ तर मंगळवारी दिसलेली चूक शुक्रवारपर्यंत गिळली गेली, ही नोकरीचीच गोष्ट आहे. कुठल्याही कंपनीला त्या पोराच्या अचूक शब्दयोजनेपेक्षा त्याची मंगळवारची हरकत जास्त मोलाची होती. दुसरा आक्षेप मराठीच्या अभिमान्यांचा: ‘इंग्रजी क्रियापदं हवीत कशाला, मराठीत बोला की.’ बोलू. पण पगार देणारा, परवानगी देणारा, कोड तपासणारा मराठीत ऐकत नाही, तोवर ज्या भाषेत आपल्यावर कागद केला जातो, त्याच भाषेत हरकत घ्यावी लागणार. कर्ड्याच्या लोकांना ती भाषा आली असती तर कदाचित काडेपेटीची गरज कमी पडली असती. आणि आजीचे दहा शब्द ज्याला येतात, त्याला इंग्रजीतली दहा क्रियापदं वेगळी ओळखू येतात. ज्याच्याकडे मराठीत नुसता ‘बदला’ आहे, त्याला इंग्रजीतही तेवढंच दिसणार. म्हणून मराठी टाकून इंग्रजी शिकवणारा क्लास दोन्हीकडून फसवतो.

तुम्ही अशा एखाद्या क्लासला जात असाल, तर माझं एक ऐका. वहीत तीन रकाने असतील, चौथा आखा. त्यात लिहा: आधी कुणी काय केलं? श्यामने काय केलं होतं, ते सरांना विचारा. सर म्हणाले, ‘ते महत्त्वाचं नाही, पुढचं लिही,’ तर तिथेच नम्रपणे ‘पुश बॅक’ वापरून बघा. फीचे पैसे वसूल होतील.

जिन्यातल्या त्या पोराची मी माफी मागितली. ग्रुपवरच मागितली, कारण हसवलं ग्रुपवर होतं. इंग्रजीत मागितली. पाठवण्याआधी ‘टू’ आणि ‘अ‍ॅट’ दोनदा तपासले. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. पहिल्या ओळीत ‘नो प्रॉब्लेम दादा’. दुसऱ्या ओळीत, माझ्या त्या दिवशीच्या कोडमधल्या सदतिसाव्या ओळीला त्याची हरकत होती. ती बरोबर होती.